दारातला पिठलं-भात

बेल वाजली नाही. स्टीलचा डबा फरशीवर टेकल्याचा आवाज झाला, मग सपाता फटफटत समोरच्या दारापर्यंत गेल्या आणि त्या दाराची कडी आतून लागली. मी सोफ्यावर आडवी होते. आमच्या दारावर महापालिकेचा कागद चिकटल्यापासून तिथे कोणी काही ठेवत नव्हतं. दुधाची पिशवीसुद्धा वॉचमन लिफ्टमध्ये ठेवून बटण दाबायचा आणि पिशवी एकटीच तिसऱ्या मजल्यावर यायची. म्हणून उठले, भिंतीला धरत गेले, दार उघडलं. उंबऱ्याशी डबा, झाकण गरम. तिथेच उकिडवी बसून झाकण काढलं आणि लसूण नाकात शिरला. अगं बाई, वास! कितीतरी दिवस नाक नुसतं चष्मा टेकवण्यापुरतं उरलं होतं. कापूर हुंगून झाला, ओवा हुंगून झाला, बाम चोळून डोळ्यांतून पाणी काढलं, पण वास म्हणून काही नाही. आणि आज हा लसूण, करपायच्या जरा अलीकडे उतरवलेला, कढीपत्त्यासकट सरळ डोक्यात गेला. मला हसूच आलं. ह्यांना सांगायला हवं, असं मनात आलं. मग डब्यात काय आहे ते पाहिलं. खाली मऊ भात, वर पातळ पिठलं. लोणचं नाही, पापड नाही, लिंबाची फोड नाही. नुसता पिठलं-भात.

पिठलं-भातात वाईट काहीच नाही, आमच्या घरी आठवड्यातून एकदा होतोच. पण तो आपला आपण करून खायचा. दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायचा तो एकाच दिवशी. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. माणसं स्मशानातून परत येतात, आंघोळी करतात, कोणी कोणाकडे बघत नाही, आणि शेजारून पिठलं-भात येतो. एरवी कोणी असा डबा आणून ठेवला तर त्या घरची बाई पदर खोचून भांडायला जाईल, आमच्याकडे कोण मेलंय म्हणून. मी उंबऱ्यात बसून तेच विचारत होते. घरात माणसं दोन, आम्हाला मूल नाही. त्यातली मी दारात बसलेली, डबा हातात, जिवंत. दुसरे जयवंत, माझे मिस्टर, दवाखान्यात ऑक्सिजनवर. झाकण पुन्हा लावायला गेले तर बसेना. तसाच उघडा डबा आत आणून ओट्यावर ठेवला आणि फोन शोधायला लागले. फोन माझ्या गाऊनच्या खिशात होता.

त्यांचा मोबाइल बंद. वॉर्डचा नंबर एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक कॉल जोडायचे तेव्हापासून होते मी तिथे. कोणाचा मुलगा झाला, कोणाचा बाप गेला, सगळं आमच्या कानावरून जायचं. एंगेज टोनला मी कधी घाबरले नव्हते. एंगेज म्हणजे पलीकडे माणूस आहे, बोलतंय, एवढंच. पण त्या दुपारी तो टुंग-टुंग आवाज ऐकताना वाटायला लागलं, हा माणूस आत्ता कोणाच्या तरी घरी कळवत असेल, आणि ते कोणाचं तरी घर आमचंच असेल आणि मीच मध्ये फोन लावून लाइन अडवून बसले असेन. म्हणून ठेवला. ठेवल्यावर वाजेल म्हणून वाट पाहिली. वाजला नाही. पुन्हा लावला. एंगेज.

काल संध्याकाळी ते बोलले होते. व्हिडिओवर तोंडावर मास्क, केस सगळे एका बाजूला चिकटलेले, अंगठा वर करून दाखवला आणि म्हणाले, इथली आमटी म्हणजे गरम पाणी आहे गं, डाळीला नुसती आंघोळ घातलेली. मास्कमधून बोलतात तर अर्धं कळतं, अर्धं आपण लावून घ्यायचं. पण हे कळलं. असं बोलणारा माणूस रात्रीत जाईल? त्या एप्रिलमध्ये जात होते. दुसरी लाट होती. सकाळी पोहे खाल्ले आणि दुपारी गेले असे किस्से रोज येत होते. त्यातले खरे किती, तिखटमीठ लावलेले किती, ते बघायला कोणाला वेळ होता?

माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होते, देवरुखला. त्या दिवशीही शेजारच्या काकूंनी टोपभर पिठलं-भात आणला होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी पहिला भात संपवला आणि ताट पुढे करून म्हटलं, अजून वाढा. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की काकूंचा डाव हवेतच थांबला. वडील माझे फार लाडके होते, ते काही खोटं नाही. पण भूक लागली होती आणि ते पिठलं इतकं चवीचं झालं होतं की पुढे कधी कोणाच्या हातचं तसं लागलं नाही. आत्या मरेपर्यंत माझ्यावर तो डूख धरून होती. लग्नात ओटी भरतानासुद्धा माझ्या कानात म्हणाली, बापाच्या दिवशी दोनदा जेवलेली पोर तू. मेलीला कुठल्या दिवशी काय बोलावं एवढंसुद्धा कळत नव्हतं.

डबा कोणाचा ते मला माहीत होतं. समोरच्या नेत्राचा. ती वटार गावची, बापाची केळीची वाडी आहे, आणि लसूण एवढा सढळ हाताने ह्या मजल्यावर ती एकटीच घालते. तिला फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. म्हणजे उचलायचा नव्हता तिला. मी मास्क लावला, आमचं दार उघडलं आणि दोन्ही दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहून ओरडले, “नेत्रा! अगं ए नेत्रा!”

आतून, दारालाच अगदी लागून आवाज आला. “काकी, आत जा ना प्लीज. तुम्हाला उभं राहायला नको.”

“कोण मेलंय?”

“काकी...”

“पिठलं-भात कशाला ठेवलास? कोणासाठी?”

ती रडायलाच लागली. लाकडी दारामागे बाई रडते तेव्हा दार रडल्यासारखं वाटतं. “तुमच्यात देतात ना काकी. आमच्यात वेगळं असतं. तुमच्याकडच्या आजी गेल्या तेव्हा तुम्हीच सांगितलेलं, म्हणून लक्षात ठेवलं. मला दुसरं काही सुचलं नाही हो. येऊन जवळ बसता पण येत नाही.”

“काका गेले असं तुला कोणी सांगितलं? दवाखान्यातून फोन आला?”

“नाही, ग्रुपवर आलं. सगळ्यांनीच लिहिलंय. फोटो पण टाकलाय काकांचा, फुलं लावून.”

“कुठला फोटो?”

“गणपतीतला. फेट्यातला.”

आणि माझं डोकं कुठे जावं? मला राग आला की त्या फोटोत ह्यांचे डोळे मिटलेले आहेत. एवढे फोटो असताना नेमका तोच सापडला मेल्यांना. सोसायटीच्या त्या ग्रुपमधून मी आधीच बाहेर पडले होते. आमच्या घरी आजार निघाला त्याच दिवशी कोणीतरी लिहिलं होतं की तिसऱ्या मजल्यावरच्यांनी खिडक्या बंद ठेवाव्यात, वारा खाली येतो. मी लिहिलं, वारा खाली येतो तसा तुमच्या स्वयंपाकाचा वास वर येतो, आम्ही कधी तक्रार केली का. आणि निघाले. त्यामुळे माझा नवरा मेल्याची बातमी अख्ख्या सोसायटीला होती, मला सोडून.

“आधी कोण बोललं, नेत्रा? सगळ्यात आधी?”

“कौस्तुभसर. ते सकाळी वॉकला गेले ना, तर त्यांना गेटपाशी गादी दिसली.”

“कुठली गादी?”

“काकांची. निळ्या पट्ट्यांची. आणि उशी. भिंतीला लावून ठेवलेली. ते ओळखतात, तुम्ही गच्चीत वाळत घालायच्या ना. मग ते म्हणाले, जयवंतदादा गेले वाटतं रात्री.”

माणूस गेलं की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, गेटपाशी नेऊन टाकतात, सकाळी कचऱ्याची गाडी घेऊन जाते. गेले कित्येक दिवस आमच्या रस्त्याला रोज कोणाची ना कोणाची गादी असायची. चालणारी माणसं लांबून वळसा घालून जायची. आणि ती गादी मीच टाकली होती. भल्या पहाटे, जुन्या चादरीत गुंडाळून, लिफ्टपर्यंत ओढत. छाती भात्यासारखी चालत होती, दोनदा जमिनीवर बसले, पण नेली. कारण आदल्या दिवशी माझ्या नणंदेने एक ऑडिओ पाठवला होता. मी डॉक्टर अमुक अमुक बोलतोय, असं म्हणणारा एक भारदस्त आवाज, की हा विषाणू कापसात महिनाभर जिवंत राहतो, पेशंटची गादी घरात ठेवाल तर घरात दुसरा बळी जाईल. मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. नाकात लिंबू पिळा म्हणाले तेव्हा हसले, कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा म्हणाले तेव्हा हसले, नणंदेला झाडलंसुद्धा. पण ह्यांचा घाम त्या गादीत मुरलेला मी स्वतः पाहिला होता, चादर काढली तरी मोठा डाग खाली तसाच. रात्री बाजूला झोपले की वाटायचं, आत काहीतरी चाललंय. मग तो आवाज खरा वाटला. आवाज चांगला होता त्याचा. तीस वर्षं आवाज ऐकून माणूस ओळखणारी मी, मला तो डॉक्टरच वाटला.

म्हणजे अफवा माझ्या घरातून निघाली, लिफ्टने खाली गेली, सोसायटीभर फिरली आणि पिठलं-भात होऊन माझ्याच दारात आली. मी हसले. मोठ्याने. नेत्रा दारामागून घाबरून “काकी, काकी” करायला लागली.

“अगं बये, ती गादी मी टाकली. जंतू असतात म्हणून. काका आहेत. कळलं का? काका जिवंत आहेत.”

ती फार हळू, समजूत काढल्यासारखी म्हणाली, “हो काकी. तुम्ही खाऊन घ्या थोडं. गरम आहे तोवर.”

आत आले तोवर फोन वाजायला लागला होता. दवाखाना नव्हे, कौस्तुभ. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. नेत्राने सांगितलं असणार, काकी हसतायत. माणूस तसा चांगला, गेल्या वर्षी त्याची आई ह्याच आजारात गेली तेव्हापासून सगळ्यांसाठी धावतो. “वहिनी,” तो म्हणाला, “मला कळतंय हो. आम्ही सगळे आहोत.”

“कौस्तुभ, ते गेलेले नाहीत. ती गादी...”

“नाहीतच गेले, वहिनी. आपल्यातच आहेत ते.”

“आपल्यात कशाला असतील? दवाखान्यात आहेत!”

“बरं, बरं. आईच्या वेळी मला पण असंच झालं होतं. दोन दिवस मी तिच्यासाठी डाळिंबं घेऊन जात होतो. तुम्ही नका त्रास करून घेऊ. तिकडचं सगळं महापालिकाच करते, आपल्याला जायला लागत नाही.”

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, त्याच्या आईवरूनही काही बोलले असेन. तो सगळं ऐकून घेत राहिला. आणि मग त्याने शांतपणे विचारलं, “तुम्हाला आज दवाखान्यातून फोन आला का, वहिनी?”

“नाही.”

“तुमचं बोलणं झालं त्यांच्याशी?”

“काल झालं.”

“हं,” तो म्हणाला. नुसतं हं.

फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. सगळं मला ठाऊक होतं. कुठून सुरू झालं, कोणी पाहिलं, कोणी काय लिहिलं. अफवेचं बाळंतपण मी माझ्या हाताने केलं होतं, तिची नाळसुद्धा मला दिसत होती. तरी ती मला खरी वाटायला लागली. एवढी माणसं म्हणतायत. फोटो लावलाय. नेत्राने बिचारीने भात शिजवलाय. आणि माझ्याकडे काय होतं? कालचा अंगठा. गणपती दूध पितो म्हणाले होते त्या दिवसाची आठवण झाली. एक्स्चेंजच्या सगळ्या लाइनी भरल्या होत्या, जो तो दुसऱ्याला सांगत होता, आम्ही मुली हेडफोन लावून थट्टा करत होतो. आणि जरा मोकळीक मिळाल्यावर मी गुपचूप घरी फोन लावून ह्यांना म्हटलं, बघा ना जरा आपल्या देवघरातला. हे चमचा घेऊन गेले, परत आले आणि म्हणाले, पितोय गं. मी म्हटलं, खरंच? म्हणाले, चहा पितोय, दूध संपलंय. तेव्हा एक माणूस होता, ज्याला विचारलं की खरं काय ते कळायचं. आता त्याच्याचविषयी विचारायचं होतं आणि त्याचा फोन बंद. मला भीती वाटत होती, सरळ साधी भीती. मी देवाला नव्हे, ह्यांनाच म्हणत होते, असं करू नका हं, असं करू नका. गादी टाकली ते चुकलं माझं. शंभर वेळा चुकलं. आणली असती परत, पण गाडी घेऊन गेली होती.

आणि भूक लागली. लाज वाटायला हवी होती, पण एकदा नाक उघडलं ते मिटेना. ओट्यावरचा तो लसूण अख्ख्या घरात फिरत होता. इतके दिवस घास म्हणजे ओला कागद होता. मी ओट्याशी गेले. मनाशी म्हटलं, ते असतील तर हे दुपारचं जेवण आहे आणि नसतील तर मग ह्याच्यासाठीच आलंय. दोन्हीकडून खायला हरकत नाही. चमचा न घेता हाताने खाल्लं, उभ्याने. मीठ लागलं. हिरवी मिरची लागली. बेसनाची एक गुठळी राहिली होती तीसुद्धा लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी खात होते, तळाचा भात बोटाने निपटून काढत होते, आणि मला ते आवडत होतं. ह्यापेक्षा वाईट काय सांगू स्वतःबद्दल? नवरा असेल की नसेल ते माहीत नाही आणि जिभेवर चव आल्याचा मला आनंद झाला होता.

हात धुवायच्या आत फोन वाजला. अनोळखी नंबर. खरकट्या बोटानेच घेतला.

“हॅलो, जयवंत सावंत यांच्या घरून का? मी सिस्टर प्रिस्का बोलते, वॉर्डमधून. माझ्या मोबाइलवरून करते, इथली लाइन मोकळीच होत नाही.”

“हो,” मी म्हटलं. की म्हटलं नाही, कोण जाणे.

“तुम्ही त्यांच्या कोण?”

“बायको.”

“थांबा हं. देते.”

देते म्हणजे काय देते? बातमी? डॉक्टर? मी नळ चालूच ठेवला होता. पलीकडे फस्स-फस्स असा वारा सुटल्याचा आवाज, कोणीतरी काहीतरी बाजूला केलं, आणि मग तो घोगरा, धाप लागलेला, वैतागलेला आवाज, “अगं, माझा चार्जर उचलला कोणीतरी. दुसरा पाठव. जाड पिनेचा नको.”

मी खाली बसले. सिंकखाली, फरशीवर. ते म्हणाले, “ऐकतेयस ना? आवाज का येत नाही तुझा? ताप आहे का?” मी म्हटलं, नाही. म्हटलं, मला वास आला आज. ते म्हणाले, “अरे वा. काय केलंस जेवायला?” मी म्हटलं, भात. एवढंच म्हटलं. त्यांना वाटलं, मी नुसती ऐकतेय. धाप खाली बसल्यावर ते आवाज उतरवून म्हणाले, “इथे फार वाईट झालं गं. बाजूच्या खाटेवरचा पोरगा गेला सकाळी. विपुल नावाचा. सातिवलीला गोडाऊनमध्ये कामाला होता. रात्री माझ्याशी क्रिकेटचं बोलत होता. मला वाटलं, झोपलाय.”

“बरं झालं,” मी म्हणाले.

खरंच म्हणाले. मनात नव्हे, तोंडाने, मोठ्याने, सुटका झाल्यासारखी. त्या क्षणी मला असं वाटलं की आज त्या वॉर्डातून एक माणूस जायचंच होतं, ते कोणाच्या तरी नावावर आलं होतं, आणि ते गेलं, एका खाटेवरून चुकून पलीकडच्या खाटेवर गेलं आणि आमचं निभावलं. पिठलं-भात आमचा नव्हताच, त्यांचा होता. किती हलकं वाटलं मला, सांगून कोणाला पटणार नाही.

“काय म्हणालीस?” जयवंतांनी विचारलं.

“काही नाही. चार्जर पाठवते म्हटलं.”

ऐकलं असावं त्यांनी, चार्जरचं पुन्हा काढलं नाही. मग म्हणाले, “बायको माहेरी आहे त्याची, चिंचोटीला. लहान मूल आहे. सकाळपासून तिचा फोनच लागत नाहीये. तिला बिचारीला अजून माहीतच नाही.”

आणि तेवढ्यात त्यांच्या मागे, लांब, टेबलाशी असावी, मघाच्याच सिस्टरचा आवाज मला ऐकू आला. लाइन मोकळी झाली असावी. तोच आवाज, तीच चाल. हॅलो, विपुल यांच्या घरून का? तुम्ही त्यांच्या कोण? आता ती म्हणेल, थांबा हं, देते. मनापासून वाटलं, म्हणावं तिने. मगाशी बोलले ते सगळं मागे घेते, पण तिलाही तेच म्हणावं.

“बरं,” प्रिस्का म्हणाली. “घरात मोठं कोणी आहे का तुमच्याजवळ?”